स्क्रीनशॉट नको, पान क्रमांक द्या

फेब्रुवारी २०२५ आठवतोय? 'छावा' थिएटरला लागला होता आणि प्रत्येक ग्रुपवर विकिपीडियाचे स्क्रीनशॉट फिरत होते. छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी पानावरच्या मजकुरावरून संताप उसळला, मुख्यमंत्र्यांनी दखल घेतली, राज्याच्या सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली आणि काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. त्या दिवसांत तुम्हीही एखादा स्क्रीनशॉट फॉरवर्ड केला असेल. रागाचं कारण समजण्यासारखं होतं. प्रश्न एवढाच, की त्या पानाच्या वर असलेला 'चर्चा' हा टॅब आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला?

असाइनमेंटच्या आदल्या रात्री पहिल्या दोन परिच्छेदांवर आपलं भागतं, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. पण विकिपीडियाचा खरा कारभार तिथेच चालतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड किंवा वाईहून निघालेला मराठी विश्वकोश यांना प्रमुख संपादक होता, अखेरचा शब्द त्याचा. विकिपीडियाला असा कोणी 'सर' नाही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं आणि मग दोघांनी चर्चापानावर येऊन का लिहिलं, का खोडलं ते सांगायचं. पलीकडच्या 'इतिहास' टॅबमध्ये प्रत्येक बदलाची तारीख-वेळेसह नोंद राहते.

भांडणं कशावरून होतात म्हणाल, तर कशावरूनही. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या सिनेमाच्या नावातल्या 'इन्टू'चा 'आय' कॅपिटल लिहायचा की स्मॉल, यावर २०१३ च्या जानेवारीपर्यंत चाळीस हजार शब्दांचा वाद झाला. दह्याच्या इंग्रजी पानाच्या स्पेलिंगमध्ये 'एच' हवा की नको, हा घोळ २०११ पर्यंत मिटला नव्हता. गंगेचं इंग्रजी पान 'गॅन्जेस' नावाने असावं की 'गंगा', यावर तर पुन्हा पुन्हा तलवारी उपसल्या गेल्या. वाचताना हसू येतं. पण दह्यावर वर्षानुवर्षं भांडून कोणावर एफआयआर झाला नाही, हेही लक्षात घ्या.

याचं कारण तिथले नियम. त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो तीन वेळांचा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलंत, तर तुम्हाला ब्लॉक केलं जाऊ शकतं. उघड नासधूस निस्तरत असाल तर गोष्ट वेगळी, पण एरवी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी सुटका नाही! वाद अगदी वर, लवाद समितीपर्यंत गेला, तरी ती समितीसुद्धा मजकूर कोणाचा खरा याचा निवाडा करत नाही, कोण कसं वागलं एवढंच बघते. भांडण फार पेटलं तर प्रचालक पानाला कुलूप लावतात. यावर संपादकांमध्ये एक जुना विनोद आहे : कुलूप नेहमी चुकीच्याच आवृत्तीवर लागतं. कोणत्याही गटाला विचारा.

मग मजकुराचा निकाल लागतो कशावर? मतमोजणीवर नाही. दोनशे जणांनी येऊन 'हे हटवा' लिहिलं तरी पान हलत नाही. एकाने येऊन विश्वासार्ह पुस्तक, लेखक आणि पान क्रमांक दिला, तर हलू शकतं. आणि इथेच २०२५ मध्ये आपण एक मोठी संधी घालवली, असं माझं मत आहे. बखरींनी आणि नाटकांनी रंगवलेली संभाजी महाराजांची प्रतिमा कागदपत्रांच्या आधारे तपासण्याचं काम मराठीत कधीच झालंय. वा. सी. बेंद्रे यांनी ते केलं, डॉ. कमल गोखले यांनी केलं. त्यांची पुस्तकं आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेली असतात. इंग्रजी विकिपीडियावर मराठी ग्रंथाचा संदर्भ चालत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. संदर्भ चालतो. कोणी विचारलं तर मूळ उतारा आणि त्याचा अनुवाद चर्चापानावर द्यावा लागतो, इतकंच. हे काम पोलीस ठाण्यात होत नाही. दोन्ही भाषा येणारं कोणीतरी बसून ते करावं लागतं, आणि दोन्ही भाषा तर आपल्याला येतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, प्रत्यक्षात तिथे जुन्या खोडांचीच चलती असते. खरं आहे. नवीन माणूस आला की त्याच्या अंगावर नियमांची आद्याक्षरं फेकली जातात, बिचारा दुसऱ्या दिवशी गायब. ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त तो वाद जिंकतो, असंही होतं. ज्या विषयावर इंग्रजीत कमी लिहिलं गेलंय तो विषय मागे पडतो. या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्या मांडण्याची सोयही त्याच चर्चापानावर आहे आणि तिथे लिहिलेलं इतिहासातून सहसा पुसलं जात नाही. व्हॉट्सॲपवरच्या संतापाचं आठवड्याभराने काय होतं, ते आपण पाहतोच.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. संपादन करणारे लोक पगारी नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी निवृत्त इंजिनिअर, कोणी आपल्यासारखा विद्यार्थी. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडियावर दोन कोटींचा दावा लावला, तेव्हा संपादकांची माहिती उघड करण्याची मागणी पुढे आली. त्या खटल्याविषयीचं पानही न्यायालयाच्या आदेशाने काढावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी तो काढण्याचा आदेश रद्द केला. प्रकरण न्यायप्रविष्ट असलं तरी त्यावर खुली चर्चा व्हायला हवी, हे त्या निकालाचं सांगणं. दिलासा मिळाला खरा, पण तोवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एका वाक्याला चुकीचा संदर्भ दिला म्हणून घरी नोटीस येणार असेल, तर एकोणीस वर्षांची मुलगी आपलं खातं उघडेल का? तिची आई उघडू देईल का?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. भाषा पंधरवड्यात कॉलेजांमध्ये त्याच्या कार्यशाळा होतात, खाती उघडली जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या जानेवारीपर्यंत पासवर्ड विसरलेले असतात. तिथे 'चावडी' आहे, सरावासाठी 'धूळपाटी' आहे. नाही ती गर्दी. या रविवारी आपल्या तालुक्याचं किंवा गावाचं पान काढून बघा. चर्चेचा टॅब लाल दिसला, तर समजा की तिथे अजून एकही माणूस बोललेला नाही. पानात काही चुकलेलं वाटलं तर लगेच खोडू नका. तिथे लिहा : हे वाक्य चुकीचं का वाटतं, आणि अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर काय म्हटलंय. खाली सही करायला विसरू नका, चार टिल्ड टाकले की नाव आणि वेळ आपोआप उमटते.