ओसाड म्हणण्याआधी शेजारी विचारा

सुट्ट्या लागल्या की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एका ठरावीक प्रकारचे फोटो यायला लागतात. पडका वाडा, भिंतीतून उगवलेला पिंपळ, गंजलेली कडी, अर्धवट उघडं दार आणि आत काळोख. खाली ओळ ठरलेली: 'हरवलेलं गाव', नाहीतर 'इथे रात्री कोणी थांबत नाही'. मागे एखादी उदास धून. जगभर या छंदाला 'अर्बेक्स' म्हणतात. माणसांनी सोडलेल्या जागा शोधायच्या, आत जायचं, फोटो काढायचे. आपल्याकडे त्याला वेगळं नाव नाही, पण नाद तोच.

हा नाद मलाही आहे. म्हणून हा लेख कुणाला लांबून उपदेश करायला लिहीत नाहीये. चूक मी स्वतः केली, तिथून सुरू करते.

जानेवारीत पाथर्डी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात गेले होते. सोबत मामेभाऊ, त्याची बाइक आणि माझा सेकंडहॅन्ड कॅमेरा. दुपारी चारचं तिरपं ऊन. एका आळीत ओळीनं सात-आठ घरं बंद. अंगणात पालापाचोळा, चुलीत राख नाही, दावणीला जनावर नाही. एका दाराच्या कुलपाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. फ्रेम म्हणून एकदम भारी. समोरच्या ओसरीवर एक आजी बसल्या होत्या, त्या फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून मी दोन पावलं बाजूला सरकले. संध्याकाळी रील टाकली, गावाच्या नावासकट. वर लिहिलं, 'भुतांचं गाव'.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा मेसेज आला. पाथर्डीत वसतिगृहात राहून शिकते. 'ताई, ते कुलूप आमच्या दाराचं आहे. आई-पप्पा कारखान्याला गेलेत, पाडव्याला येतील. घरात दाणे आहेत, भांडी आहेत. तुम्ही अख्ख्या जगाला सांगितलं की इथं कोणी नाही. समोर बसली होती ती माझी आजी. तिला विचारलं असतं तर तिनं चहा पाजला असता.'

मी रील काढून टाकली. तोवर ती हजारो लोकांनी पाहिली होती.

आता हे आपल्यातल्या कितीजणांना सांगावं लागतं? पाथर्डीचं नाव घेतलं की ऊसतोड आठवावी इतकं ते उघड आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ट्रक, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत पाच-सहा महिने काढायचे आणि गाळप संपलं की परत. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हणजे जानेवारीत जे घर मला ओसाड दिसलं, ते ओसाड नव्हतंच. त्या घरातली माणसं कामावर गेली होती. उद्या जूनमध्ये कुणी कारखान्याजवळच्या माळावर गेलं, तर त्याला विझलेल्या चुली आणि मोडक्या कोप्या दिसतील, आणि तो त्यालाही ओसाड म्हणेल.

कुलपाला बांधलेली ती पिशवीसुद्धा मला काही सांगत होती. पावसानं, धुळीनं कुलूप धरू नये म्हणून ती कुणीतरी मुद्दाम बांधली होती. परत येणारा माणूसच असं करतो. मी तिच्यावर फोकस केला, पण ती का बांधलीय हा प्रश्न मला पडला नाही.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर मोटार कारखान्यांचं. कारखाने बंद पडत गेले, माणसं निघून गेली, आणि मग जगभरातून फोटोग्राफर तिथे यायला लागले. १९८८ मध्ये बंद पडलेलं तिथलं भव्य रेल्वे स्टेशन तर पडझडीच्या फोटोंचं माहेरघर झालं. तिथे राहणाऱ्या लोकांची तक्रार एकच होती: आम्ही लाखो लोक अजून इथे राहतो, तुमच्या फोटोत आम्ही का नाही? पुढे फोर्ड कंपनीनं ते स्टेशन विकत घेऊन दुरुस्त केलं आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं.

मग काय, फोटो काढायचे बंद करायचे का? अजिबात नाही. उलट आपल्या भागात ते जास्त काढायला हवेत. फक्त रिकाम्या दिसणाऱ्या सगळ्या जागा एका मापानं मोजायच्या नाहीत. माझ्या मते त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे कुलूपबंद घरं. यांना मालक आहे, तो परत येणार आहे. इथे नियम सोपा: शेजारी विचारायचं, हो म्हणाले तरच फोटो काढायचा, आणि गावाचं नाव, लोकेशन टाकायचं नाही. अर्बेक्सवाले जगभर बऱ्याचदा जागेचा पत्ता गुप्त ठेवतात, ते चोरी आणि नासधूस टाळायलाच. आपण मात्र परदेशी छंद उचलला आणि त्यातला हा शहाणपणा तिथेच ठेवला.

दुसरा प्रकार म्हणजे पडके वाडे. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या गावांत अजून वाडे सापडतात. दारात ढाळज, आत चौक, भोवती सोपे, भिंतीत देवळ्या आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या नाहीतर काटक्या अंथरून त्यावर घातलेला मातीचा जाड थर. हे छप्पर उन्हाळ्यात गार, पण त्याची देखभाल दरसाल करावी लागते. पावसाळ्याआधी वर पांढरी माती घालायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. दोन-तीन वर्षं हे राहिलं की पाणी मुरतं, तुळई कुजते आणि एका पावसात खण खाली येतो. म्हणजे वाडा पडण्यामागे शाप, भूत, गाडलेला हंडा असलं काही नसतं. पोरं पुण्या-मुंबईला गेलेली असतात, वाटण्या अडकलेल्या असतात आणि माती घालायला माणूस नसतो. ही गोष्ट भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त खरी आहे, आणि मला तर जास्त भीतीदायकही वाटते.

इथेही मालकाला किंवा शेजाऱ्याला विचारल्याशिवाय आत जायचं नाही. सभ्यतेचा भाग आहेच, पण जिवाचाही आहे. जुन्या घरांत धान्य साठवायला जमिनीत पेवं असायची. तोंडावरची फरशी ढासळलेली असते, वर माती आणि गवत. पाय पडला तर माणूस थेट आत. माळवदावर चढून 'टॉप अँगल' घेणाऱ्यांनी तर आधी खालून तुळया बघाव्यात. कुठला खण पोकळ झालाय, पेव कुठे आहे, आडाचा कठडा कुठे सुटलाय, हे शेजारच्या आजोबांना माहीत असतं. गूगल मॅपला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे सगळ्यांच्या मालकीच्या जागा. बारवा, वेशी, जुन्या समाध्या, मकबरे. इथे मात्र उलटा नियम: नाव, गाव, रस्ता, सगळं ठळक सांगा. कारण या जागा लपून राहिल्या की कचऱ्यानं भरतात.

याचं उत्तम उदाहरण रोहन काळे. मुंबईत एचआर क्षेत्रात नोकरी करणारा हा तरुण बाइकवरून महाराष्ट्र फिरला आणि बारवा शोधत गेला. फोटो काढले, पण तेवढ्यावर थांबला नाही. कुठली बारव कुठे आहे याच्या नोंदी नकाशावर टाकल्या आणि गावोगावच्या लोकांना सोबत घेतलं. त्यातून 'महाराष्ट्र बारव मोहीम' उभी राहिली. कितीतरी ठिकाणी गावकऱ्यांनी बारवांमधला गाळ-कचरा काढला, महाशिवरात्रीला तिथे दिवे लावले. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये या कामाचा उल्लेख झाला. सुरुवात मात्र आपल्यासारखीच होती: सुट्टी, बाइक आणि उत्सुकता.

आपल्या रोजच्या रस्त्यावरचंच बघा. नगरहून पाथर्डीकडे येताना मेहेकरीजवळ डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. एसटीच्या खिडकीतून ती आपण शंभर वेळा पाहिली असेल. रविवारी तिथे सेल्फीला गर्दी असते आणि प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं असतं 'चांदबिबी महाल'. पण तो चांदबिबीचा महाल नाही. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याचा तो मकबरा आहे. चांदबिबीनं १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यापासून वाचवला तो नगरचा भुईकोट किल्ला. तिचं शौर्य एवढं लोकांच्या मनात बसलं, की खान मागे पडला आणि डोंगरावरची इमारतही तिच्याच नावावर झाली. लोकांनी प्रेमानं दिलेलं नाव आहे, ते पुसायचं कारण नाही. पण फोटोखाली एक ओळ जास्त लिहायला काय जातं? 'लोक चांदबिबी महाल म्हणतात, मूळ मकबरा सलाबतखानाचा.' बस, एवढंच. आणि हो, हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. तिथे भिंतीवर आपलं नि 'तिचं' नाव कोरणाऱ्यांसाठी माहिती: १९५८ च्या स्मारक कायद्याखाली नासधुशीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही मित्र म्हणतात, 'एवढं सगळं विचारत बसलं तर फोटोतली मजाच जाते. आम्ही काय सर्वेक्षण करायला निघालोय का?' त्यांचं म्हणणं मला कळतं. अनोळखी दारासमोर अचानक थांबण्यात जी धडधड असते, ती मलाही हवी असते. पण माझा अनुभव असा, की विचारल्यानं दारं जास्त उघडतात. बाहेरून कडीचा फोटो काढून निघून जाणाऱ्याला कडीच मिळते. विचारणाऱ्याला आतली देवळी, जातं, बळद, भिंतीवर कोळशानं लिहिलेला हिशेब, आणि तो कुणी लिहिला त्याची गोष्टही मिळते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्थलांतराचं दुःख आहे ते आहे, फोटोखालच्या एका ओळीनं ऊसतोड थोडीच थांबणार? खरंय, नाही थांबणार. पण चुकीच्या ओळीनं एक नुकसान नक्की होतं. 'भुतांचं गाव' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं हे कधीतरी, कुणाबरोबर तरी झालेलं आहे, आता संपलं. 'ऊसतोडीला गेलेल्यांची आळी' म्हटलं की पुढचे प्रश्न येतात. या घरातली पोरं सध्या कुठे आहेत? हंगामी वसतिगृह गावात सुरू आहे का? आजीच्या औषधाचं कोण बघतं? हे प्रश्न आपल्या वयाच्या मुलांनी विचारायला हवेत, कारण त्या बंद घरांतली कितीतरी पोरं आपल्याच वर्गात बसतात.

पाडव्यानंतर मी त्या गावात पुन्हा गेले. या वेळी आधी फोन करून. तेच दार उघडं होतं, कुलूप आत खिळ्याला टांगलेलं. अंगण सारवलेलं. त्या मुलीची आई म्हणाली, 'आमचा सगळ्यांचा मिळून एक काढ बाई, एकत्र असा फोटोच नाही आमचा.' उंबऱ्यावर आजी, मागे आई-वडील, बाजूला दोघं भावंडं. ऊन डोक्यावर होतं, डोळे सगळ्यांचे बारीक झालेले. फोटोग्राफीच्या कुठल्याही स्पर्धेत तो टिकणार नाही. पाथर्डीत प्रिंट काढून लॅमिनेट करून दिला. जानेवारीतले फोटो माझ्याकडे आहेत, पण ते मी कुठे टाकलेले नाहीत.

हा मे महिना आपल्यासाठी सोन्यासारखा आहे. पाणी खाली गेल्यामुळे बारवांच्या तळाच्या पायऱ्या दिसतायत. पाऊस पडला की आणखी काही माळवदं बसतील. तेव्हा निघा. एक गाव, एक जागा निवडा. पण प्रत्येक फोटोसोबत चार गोष्टी लिहून ठेवा: जागेचं लोक घेतात ते नाव आणि खरं नाव, ती कुणाची, माणसं कधी आणि का गेली, आणि फोटोची तारीख. यातलं काय जाहीर करायचं आणि काय फक्त वहीत ठेवायचं, ते त्या जागेच्या मालकाला विचारून ठरवा.

आणि समोरच्या ओसरीवर कुणी बसलेलं असेल, तर कॅमेरा काढण्याआधी त्यांच्याशी दोन शब्द बोला. चहाला बहुतेक नाही म्हणता येणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.