घरातल्या सुयांना वाली कोण?

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका



धनकवडीत माझं औषधांचं दुकान आहे. इन्सुलिन, पेनच्या सुया, सिरिंज, लॅन्सेट हा माल रोजचाच. सुई कशी लावायची, पोटावर कुठे टोचायची, हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "वापरून झाली की टाकायची कुठे?" तिथे माझं ज्ञान संपतं. म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण आवक-जावकच्या शिक्क्यानंतर पत्रांचं काय होतं हे आपल्यालाही ठाऊक असेल.

रुग्णालयातल्या सुईची सोय 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी लावून दिली आहे. पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग. सुया आणि ब्लेडसाठी टोचून फुटणार नाही असा पांढरा डबा, त्यावर बारकोड. गाडी येऊन तो सामायिक प्रक्रिया केंद्रात नेते. तिथे सुया निर्जंतुक होतात, त्यांचे तुकडे होतात आणि पुढे त्या फाउंड्रीत किंवा काँक्रीटच्या खड्ड्यात जातात. ही साखळी प्रत्यक्षात कुठे कुठे तुटते, तो वेगळ्या पत्राचा विषय. पण साखळी आहे.

तीच सुई दोन खोल्यांच्या घरात वापरली गेली की कॅरीबॅगमध्ये पडते आणि सकाळी सुक्या कचऱ्याबरोबर खाली जाते. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्याने दर वेळी नवी सुई वापरली, तर वर्षाला 1460 सुया होतात. बरेच जण काटकसरीने एकच सुई आठवडाभर चालवतात. तसं करू नये, हे मी त्यांना सांगतो आणि ते मान डोलावतात.

पेनची सुई एकदा हातात घेऊन बघा. जेमतेम चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक. तिला दोन टोकं असतात, हे वापरणाऱ्यांनाही पटकन लक्षात येत नाही. पुढचं टोक कातडीत जातं, मागचं पेनमधल्या काडतुसाच्या रबरात. माणूस पुढच्या टोकावर आतलं छोटं टोपण बसवतो, सुई फिरवून काढतो आणि काम झालं असं समजून टाकून देतो. मागचं टोक उघडंच राहतं. ते प्लास्टिकच्या वाटीत थोडं आत असतं खरं, पण कचऱ्याच्या ढिगात कोपराखाली ती वाटी चेपायला किती वेळ लागतो?

कोपर कोणाचं, हे आपल्याला सांगायला नको. 2008 पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बहुतेक बायका आहेत. सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगा माल निवडणं हा त्यांच्या कमाईचा भाग, आणि निवडायचं म्हणजे हात घालायचा. सुईपुढे साधा हातमोजा टिकत नाही. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के मानतात. हेपॅटायटिस सीची सुमारे 2, एचआयव्हीची 0.3 टक्के. वाळलेल्या रक्तातही हेपॅटायटिस बीचा विषाणू आठवडाभर तग धरतो. हे आकडे रुग्णालयांतल्या अनुभवावरचे. इन्सुलिनच्या सुईत रक्त नाममात्र, म्हणून धोका पुष्कळ कमी धरायला हरकत नाही. पण टोचली त्या बाईला सुई कोणाची हे कुठे माहीत असतं? एचआयव्हीवरचा प्रतिबंधक उपचार 72 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी, आणि पुढे काही महिने तपासण्या व धाकधूक.

नियम नाहीत, असं म्हणायची सोय नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज 'घरगुती घातक कचऱ्या'त घातल्या आणि तो स्वीकारणारी केंद्रं उघडण्याचं काम स्थानिक संस्थेकडे दिलं: दर 20 चौरस किलोमीटरला एक, वेळा जाहीर करून. पुणे महापालिकेची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे निदान 24-25 केंद्रं. त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय नियमांतही घरातल्या उपचारांचा कचरा वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात पालिकेच्या माणसाकडे द्यावा आणि पालिकेने तो उचलण्यासाठी प्रक्रिया केंद्राशी करार करावा, असं लिहिलं आहे. तेव्हा माझी पहिली मागणी अगदी साधी: या केंद्रांचे पत्ते आणि वेळा एका कागदावर छापून प्रत्येक मेडिकलला द्या. जिथे केंद्र नाही, तिथे कधी होणार ती तारीख लिहा.

अर्थात सत्तरीतल्या माणसाने सुयांचा डबा घेऊन रिक्षाने केंद्र शोधत जावं, ही अपेक्षा चुकीची आहे. तो महिन्यातून एकदा माझ्याकडे येतोच. सुया घ्यायला येताना भरलेला डबा काउंटरवर ठेवावा, आमच्याकडून रिकामा न्यावा. फ्रान्समध्ये हे चालतं: घरी इंजेक्शन घेणाऱ्याला औषधाच्या दुकानात डबा फुकट मिळतो आणि गोळा करण्याचा खर्च उत्पादक कंपन्या उचलतात. आपल्या घनकचरा नियमांनी सॅनिटरी नॅपकिनच्या कंपन्यांना पाकिटाबरोबर विल्हेवाटीची पिशवी द्यायला सांगितलं होतं. सुईच्या कंपनीला डबा द्यायला कोणी सांगितलं नाही. सुईच्या खोक्यात मिळतं ते घडीवर घडी घातलेलं, भिंगाशिवाय न वाचता येणारं माहितीपत्रक!

सगळे दुकानदार तयार होतील, असा दावा मी करत नाही. जागा नसते, नोकर घाबरतात, आणि कोणाचा तरी वापरलेला माल दुकानात ठेवल्याबद्दल उद्या नोटीस आली तर निस्तरायचं कोणी? म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी परवानगीचा मार्ग आधी आपण मोकळा करून घ्या. मग एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतली, राजी असतील तेवढीच दुकानं घ्या. प्रक्रिया केंद्राची गाडी त्या भागातल्या दवाखान्यांत फिरतेच. तिला आठवड्यातून एकदा चार थांबे जास्त द्या.

लोक ऐकणार नाहीत, असं आपले अधिकारी म्हणतील. पण वापरलेला नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही 'स्वच्छ'ची मोहीम याच शहरातली. ती मानणारी घरं आहेत. त्यांतली काही माझी गिऱ्हाइकं आहेत.

तोवर मी गिऱ्हाइकांना सांगतोय की सुईवर बाहेरचं मोठं टोपण लावूनच ती काढा, फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या. ताईंनी ती बाटली पुढे कोणाकडे द्यायची, ते आपण सांगा.

आपला,
धनकवडीतला एक औषध विक्रेता