घोटभर पाणी

उन्हाळ्यात तुम्ही कुठे जाता? बहुतेकींचं उत्तर मला ठाऊक आहे. लग्नाला, बारशाला, माहेरी, नाहीतर डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेला. म्हणजे जाणं होतं, पण कशासाठी तरी. नुसतं फिरायला, आणि तेही फक्त नवऱ्याबरोबर, शेवटचं कधी गेला होतात? मी आठवून पाहिलं. लग्नानंतर दोन महिन्यांनी, केळव्याला. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

आम्ही मासवणला राहतो, सूर्या नदीच्या काठी. समुद्र तासाभराच्या आत. पण माझ्यासाठी समुद्र म्हणजे पाहुण्यांना दाखवायचा केळव्याचा किनारा. पाहुणे पाण्यात खेळणार आणि मी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला नि पिशव्या सांभाळणार. घरून नेलेल्या पुऱ्या-भाजीचे डबेही मीच उघडायचे.

गेल्या मे महिन्यात ह्यांनीच विषय काढला. "चल, बोर्डीपर्यंत जाऊन येऊ. आपण दोघंच. मोटारसायकलवर." मी आधी हसले. मग सासूबाईंचं काय, मुलीच्या जेवणाचं काय, लोक काय म्हणतील, असं सगळं मनात येऊन गेलं. जाऊबाई म्हणाल्या, "मी आहे ना दोन दिवस, जा तुम्ही." तेव्हा कुठे पिशवी भरली.

पहाटे साडेपाचला निघालो. कोकण म्हटलं की आपल्याला गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली आठवते. आपला हा पालघरचा किनाराही कोकणच, हे आपण विसरूनच गेलोय. केळव्याला शितलादेवीचं दर्शन घेतलं, माहीमचे पानमळे पाहिले, शिरगावचा किल्ला पाहून सातपाटीला गेलो. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून तिथे नुसती धावपळ. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान मिळाला, पण आमच्याकडे सातपाटीच्या पापलेटचा मान पूर्वीपासूनच आहे. पुढे खाडी आडवी येते, समुद्राच्या कडेने सलग रस्ता नाही. म्हणून परत पालघरला येऊन बोईसरमार्गे तारापूर-चिंचणीकडे वळलो.

हे वाटेत दिसेल तिथे थांबत होते. कुठे उसाचा रस, कुठे ताडगोळे, कुठे नुसताच चहा. मी प्रत्येक ठिकाणी "नको, तुम्ही घ्या" म्हणत होते. पाण्याची बाटली माझ्याच पिशवीत होती, पण ओठ ओले करण्यापुरतीच उघडत होते. बारा वाजता सुरूच्या झाडांखाली उतरले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मटकन खालीच बसले.

हे घाबरले. बाटली उघडून पाहिली तर जवळजवळ भरलेली. "सकाळपासून पाणी का नाही प्यालीस?"

खोटं बोलायचं त्राणच नव्हतं. म्हटलं, "प्यायले तर जायचं कुठे?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तसे ते गप्प झाले. सकाळी एका किनाऱ्यावर स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. दुसरीकडे दार होतं पण कडी नव्हती. हे त्यांनी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांना पाहायची वेळच आली नव्हती. ते हळूच म्हणाले, "आपण एसटीनं पुण्याला जायचो, तेव्हाही असंच?" म्हटलं, "तेव्हाही." "मग बोलली का नाहीस कधी?" आता याला काय उत्तर देणार? आई प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायची, तेच पाहून मी शिकले. बोलायची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नाही.

ते उठले आणि समोरच्या घराच्या अंगणात गेले. तिथल्या बाईंना म्हणाले, "ताई, माझी बायको बरोबर आहे, जरा आत येऊ दे का?" त्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यात विचारायचं काय!" परत निघताना माठातलं गार पाणी दिलं. दोन तांबे प्याले मी. तो समुद्र मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला, असं म्हटलं तरी चालेल.

तिथून पुढचा प्रवास वेगळाच झाला. वरोर, वाढवण, डहाणू, मग नरपड-चिखल्यावरून घोलवड आणि बोर्डी. हे आधी जागा बघायचे, मग गाडी थांबवायचे. चहाच्या आधी विचारायचे, "इथे सोय आहे का?" मीही मोकळेपणाने चिकू खाल्ले, नारळपाणी प्याले. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू घोलवडलाच खायची मजा काही और. संध्याकाळी बोर्डीच्या वाळूत आम्ही काहीही न बोलता तासभर बसलो. चपला ज्याच्या त्याने सांभाळल्या.

दुसऱ्या दिवशी कुठे जायचं ते मी ठरवलं. कोसबाड. पंचवीस वर्षं अंगणवाडीत काम केलं, पण ही टेकडी कधी पाहिली नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढे ते काम कोसबाडला आलं. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. सरकारी अंगणवाड्यांची योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ मध्ये आली. या दोघी उन्हातान्हात पाड्यापाड्यांवर हिंडल्या, तेव्हा त्यांनी काय केलं असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. अशा गोष्टी कोणाच्या चरित्रात सहसा येत नाहीत.

परतताना रस्त्याकडेला ताडगोळे विकणाऱ्या बाईला मी सरळ विचारलंच. ती हसली. म्हणाली, "सकाळी येताना, नि रात्री जाताना." माझी दोन दिवसांची सहल, तिचा हा रोजचा दिवस. मे महिन्याच्या उन्हात कमी पाणी प्यायचं, लघवी दाबून ठेवायची, मग जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग. आपण त्याला "उष्णता झाली" म्हणतो आणि धने-जिरे भिजत घालतो. पण दुखणं सोयीचं आहे, ते धन्या-जिऱ्याने कसं बरं होणार?

वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प. "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" म्हणत इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला. मासळीची चिंता करणाऱ्या त्या घरांतल्या बायकांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण बंदर म्हटलं की मोठे रस्ते आले, गाड्या आल्या, हॉटेलं आली. एवढ्या कोटींच्या नकाशात बाईला जायला चार भिंती आणि एक कडी आहे का, हेही आत्ताच विचारायला हवं. नंतर विचारून उपयोग नसतो.

विचारायचं कुठे? मुंबईत २०११ पासून काही संस्थांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, लाज सोडून हा विषय महापालिकेपर्यंत नेला. आपल्या गावातही जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा आपल्याकडे कायदाच आहे, आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथे एवढंच विचारा, "त्या कुलपाची किल्ली कोणाकडे?" पेट्रोल भरायला थांबलात तर पंपावरही विचारा. ग्राहकाला तिथे स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत मिळायला हवं, असा नियम आहे.

आणि घरातही बोला. आपले नवरे काही वाईट नसतात, पण न सांगता त्यांना कळतं असं मात्र नाही. आम्ही सत्तावीस वर्षं एका घरात राहिलो. तरी ही एवढीशी गोष्ट कळायला ह्यांना मोटारसायकलवर दोघांनीच निघावं लागलं. बरोबर चार पाहुणे असते तर मी तेव्हाही "काही नाही, ऊन लागलं" म्हणून गप्प बसले असते.

म्हणून म्हणते, या उन्हाळ्यात जमलं तर दोघंच बाहेर पडा. लांब नको, आपल्याच किनाऱ्यावर जा. डबे नेऊ नका. पाण्याची बाटली मात्र भरून न्या, आणि परत येईपर्यंत ती रिकामी करा.