आवणीला उतरण्याआधी कंबर दाखवून घ्या

डहाणू-तलासरीकरांनो, पाऊस तोंडावर आलाय. राब भाजून झालेत. पेरलेली भाताची रोपं वीतभर वर आली की आवणी सुरू होईल, आणि घरातल्या बाया सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात वाकून उभ्या राहतील. त्यांतल्या कितीजणींची कंबर आजच धरलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. उठताना भिंतीला हात लावणारी आई तुम्ही पाहता. हंडा उतरवताना ओठ दाबून धरणारी वहिनीही पाहता. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. विचारा, "कुठं दुखतं? पायात मुंग्या येतात का?" ती "काही नाही" म्हणेल. पुन्हा विचारा.

आवणी करणाऱ्या बाईकडे एकदा नीट बघा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं दोन-तीन काड्या वेगळ्या करून चिखलात खोचायच्या, एक पाऊल मागं. पाय रुतलेले, त्यामुळे वळायचं ते कमरेतून. तास-दोन तासांत पाठीचे स्नायू थकतात आणि सारा भार मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांवर येतो. त्यातच ओल्या रोपांचा भारा झटक्यात उचलला की उसण भरते. मग दुकानातली गोळी, ती उतरली की दुसरी. रिकाम्या पोटी, पुरेसं पाणी न पिता रोज घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते. आणि दिवाळी झाली की हीच कंबर वीटभट्टीवर उकिडवी बसून विटा पाडायला जाते. तिला विश्रांती मिळते कधी?

ही साखळी तुम्ही तोडू शकता. दुखणं वाढायच्या आत फिजिओथेरपिस्टला गाठा. ते फक्त शेक देत नाहीत. कुठला स्नायू दुबळा आहे, कुठला आखडलाय, दुखणं मणक्यातून येतंय की खुब्यातून, हे हात लावून, चालवून, वाकवून तपासतात आणि मग त्या माणसापुरता व्यायाम ठरवतात. हे शास्त्र आपल्याला परकं नाही. पोलिओनं लुळ्या झालेल्या मुलांना उभं करायची निकड होती, तेव्हा १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली.

फिजिओथेरपिस्टच्या पोतडीत आता पिलाटीसही आहे. नाव ऐकून बिचकू नका. जोसेफ पिलाटीस या जर्मन माणसानं पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना या व्यायामाची घडण केली. शहरात त्याची महागडी यंत्रं असतात, सिनेनट्यांचे फोटो असतात. ते सोडून द्या. तुम्हाला घरातली चटई पुरते. उताणं झोपा. गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर. श्वास सोडता सोडता बेंबीखालचं पोट हळूच आत घ्या. ढुंगण आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. तसंच धरून एक टाच जमिनीवरून सावकाश पुढं सरकवा आणि परत आणा. कंबर हलता कामा नये. दिसायला सोपं आहे, पण पहिल्या दिवशी बहुतेकांना जमत नाही. पोटाच्या आतला एक स्नायू कमरपट्ट्यासारखा मणक्याला वेढून धरतो आणि कंबर धरलेल्या माणसात तो अनेकदा उशिरा जागा होतो. त्याला वेळेवर जागं करणं हेच इथलं काम.

बाजारातला पट्टा बांधून भागेल, असं वाटतं ना? जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांची शिफारस आहे, पट्ट्याची नाही. (हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेला पट्टा वेगळा. तो काढू नका.) पिलाटीस ही जादू आहे, असंही समजू नका. दुसऱ्या चांगल्या व्यायामांपेक्षा ते सरस ठरल्याचा पक्का पुरावा नाही. पण काहीच न करण्यापेक्षा ते खूप बरं.

मोबाइलवर बघून मात्र करू नका. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात. अशा आजीनं उताणं झोपून, पाठ पुढं वाकवत उठायचा व्यायाम केला तर मणका दबून मोडू शकतो. तपासणी आधी, व्यायाम नंतर. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम नाही, मालिश नाही. त्याच तासाला रुग्णालय गाठा.

चिकूच्या झाडावरून पडलेल्याचं प्लास्टर निघालं, महामार्गावर चारोटीजवळ मोटरसायकल घसरलेला पोरगा घरी आला, की आपण सुटकेचा श्वास सोडतो. इथंच घात होतो. प्लास्टरमध्ये पाय वाळतो, सांधा आखडतो. तो तसाच कामाला जुंपला तर आयुष्यभर लंगडतो आणि घरातला एक कमावता हात कमी होतो. प्लास्टर काढतील त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "व्यायाम कोण शिकवणार?" उत्तर घेतल्याशिवाय उठू नका. आणि घरातली म्हातारी माणसं? शेवाळलेल्या अंगणात तीच पहिली घसरतात. तोलाचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे पाव भागानं घटतं. तेही त्यांना शिकवून घ्या.

बागायतदारांनो, घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. तो चिकू उतरवणाऱ्या खांद्यांकडेही बघा. क्रेट अर्धे भरा, ते उचलायला दोघं लावा. मच्छीमार बंधूंनो, जाळं ओढण्याआधी पाच मिनिटं अंग मोकळं करा. डहाणू लोकलनं रोज चर्चगेटपर्यंत जाणाऱ्यांनो, तासन् तास एका जागी अवघडून बसू नका; पालघर आलं की उठा, विरारला पुन्हा उठा.

आणि सगळ्यांनी मिळून एक करा. डहाणू, कासा, तलासरी, जे रुग्णालय तुम्हाला जवळ असेल तिथं जाऊन विचारा, फिजिओथेरपिस्ट कुठल्या वारी असतात. नसतील तर रुग्ण कल्याण समितीकडे लेखी मागणी करा, पोच घ्या. आपली गावं पेसा कायद्याखालची आहेत. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून आरोग्यावर खर्च करता येतो. ग्रामसभेत उठून बोला. आवणीआधी पाड्यावर एक तपासणी शिबिर मागा. तारीख लिहून घ्या. आशाताईंना आजच सांगा, म्हणजे कुठल्या घरात कोण दुखणं अंगावर काढतंय त्याची यादी त्या करू लागतील. त्या यादीत पहिलं नाव तुमच्या आईचं घाला. आणि शिबिराच्या दिवशी तुमची मजुरी बुडाली तरी चालेल, तिला तुम्ही स्वतः घेऊन या.