पाचव्या भागाला कात्री लावणार नाही

कुंभकोणमहून उत्तरेला निघालेला रस्ता तिरुप्पनंदाळवरून कोळ्ळिडम नदीकडे जातो. पलीकडे वीराणम तलाव. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ तिथेच, आडी महिन्यातल्या अठराव्या दिवशी, वंदियदेवनाच्या घोड्यावरून सुरू होते. मी मात्र तिरुप्पनंदाळला खोली घेऊन बसले आहे ती या कादंबरीच्या पाचव्या भागासाठी, म्हणजे ज्याला सगळे नावं ठेवतात त्याच्यासाठी.

‘पाल्हाळ आहे,’ असं मला तमिळ वाचकांनीही ऐकवलं. माझे मराठी प्रकाशक त्याहून पुढे गेले. चौथा आणि पाचवा भाग मिळून एक करा, सिनेमा नाही का दोनांत बसला?

बसला, पण काय काय बाहेर ठेवून? एकूण २९३ प्रकरणांपैकी ९१ एकट्या पाचव्या भागात आहेत. त्यांत नागपट्टिणमला समुद्र गावात शिरतो, आदित्य करिकालाचा खून होतो आणि खुनी कोण याचा निर्वाळा कल्की देतच नाहीत. खून माझ्या हातून झाला, असं म्हणणारे मात्र एकाहून अधिक निघतात. इथून फार दूर नसलेल्या उडैयारकुडीच्या शिलालेखात द्रोह्यांची नावं आहेत, पण त्या रात्री काय घडलं हे नाही. कल्कींनी ती जागा मोकळी ठेवली. तिला पाल्हाळ म्हणणाऱ्याला कादंबरी नको आहे, पोलिसी पंचनामा हवा आहे.

राज्यत्यागाचंही तेच. कादंबरीत अरुळमोळी मुकुट चढवतो तो सेंदन अमुदनाच्या डोक्यावर. फुलं गुंफून देवाला वाहणारा, आपण कोण हेच ठाऊक नसलेला हा मुलगा. २०२३च्या चित्रपटात ही अदलाबदल गाळली आहे. सिंहासन ज्याला आधीपासून हवं होतं त्या मदुरांतकालाच मिळतं. माझ्या लेखी ही वाटाघाट झाली. मग या भागाचं नाव ‘त्यागशिखर’ कशाला?

आणि मणिमेकलै? चित्रपटात ती नाहीच. कादंबरीचं शेवटचं प्रकरण तिचं आहे. राजराजाच्या नावाची एवढी मोठी कथा कडंबूरच्या एका मुलीच्या मरणापाशी थांबते, जिचं प्रेम कुणी मागितलं नव्हतं. हे छाटायचं आणि भुयारं, घोडदौड तेवढी ठेवायची?

दोष मलाही दिसतात. आडोशाला उभं राहून ऐकणाऱ्यांची गर्दी कंटाळा आणते, योगायोग तर किती! पण साडेतीन वर्षं दर आठवड्याला लिहिलेल्या मजकुराचा तो श्वास आहे. हरिभाऊंच्या ‘करमणूक’मधल्या क्रमशः कादंबऱ्या वाचलेल्या आपण तरी त्याला नाक मुरडू नये.

तक्रार जुनीच आहे. १९५४ साली कादंबरी संपली तेव्हाच वाचकांनी, शेवट एकाएकी झाला, पुढे काय, असं विचारलं. म्हणजे तेव्हाची तक्रार नेमकी उलटी होती! कल्कींनी उपसंहारात त्यांना उत्तरं दिली आणि पुढची कथा इतरांनी लिहावी असं सुचवलं. विक्रमन यांनी ‘नंदिपुरत्तु नायकी’ लिहिली. कल्की त्याच डिसेंबरात गेले. प्रकाशकांना तो उपसंहारही नको आहे.

मणिमेकलैचं प्रकरण मी काल रात्री पुरं केलं, एकही ओळ न गाळता. आज उपसंहाराला बसले आहे. प्रकाशकांना अजून कळवलेलं नाही.