मंद इंटरनेट आणि मुक्त सॉफ्टवेअर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित सुरक्षा-सुधारणा थांबविली आणि आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवरचे, वखारीतले संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. यंत्र धडधाकट असते, कळफलकावरची अक्षरे तेवढी झिजलेली असतात. परंतु विंडोज ११ त्यावर बसत नाही. अशा वेळी दुरुस्तीवाला दोन उपाय सुचवितो. एक, नवा संगणक घ्या. दुसरा, 'मी एक प्रत टाकून देतो, चिंता करू नका'. ही प्रत म्हणजे बहुधा विनापरवाना नक्कल. जीएसटीच्या विवरणात एका रुपयाचा फरक आला तर मध्यरात्रीपर्यंत वह्या तपासणाऱ्या घरात ती नक्कल निर्धास्तपणे नांदावी, याचे नवल वाटते. शिवाय तिच्यात आणखी कोणी काय दडवून ठेवले आहे, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तिसरा उपाय मुक्त सॉफ्टवेअरचा. तो सुचविला की तालुक्याच्या गावांतून आणि महामार्गापासून आत असलेल्या गोदामांतून एकच हरकत येते: ते सारे इंटरनेटवरून उतरवावे लागते आणि आमच्याकडे मोबाइलच्या जेमतेम दोन दांड्या दिसतात. हरकत खरी आहे. मात्र तिचे उत्तर या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच लिहिलेले आहे.

'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तेथे गफलत होते. फुकट मिळालेला प्रोग्राम दुसऱ्याला देण्याची मुभा असेलच असे नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून जी मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना रुजली, तिच्यात प्रत काढून दुसऱ्याला देण्याचा अधिकार मूळचाच आहे. म्हणजे गावात एकाने एकदा उतरवून घेतले की दहा दुकानांत ते उजळ माथ्याने नेता येते. प्रत्येकाने आपापली जोडणी झिजविण्याचे कारण नाही.

हे काही नुसते तत्त्व नव्हे. उबुंटू ही लिनक्स प्रणाली २००४ मध्ये आली तेव्हा तिची सीडी सुमारे ७०० मेगाबाइटची होती. टेलिफोनच्या तारेवरून, ५६ किलोबिटच्या मोडेमने ती उतरवायची तर अखंड वेग मिळूनही दिवसाहून अधिक काळ लागे, आणि मध्येच फोन तुटला की बहुधा पुनश्च हरिः ॐ! म्हणून तिच्या निर्मात्यांनी मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठविण्याची योजना चालविली. ती २०११ पर्यंत चालू होती. आपल्याकडे 'लिनक्स फॉर यू' या इंग्रजी मासिकासोबत अशाच तबकड्या मिळत. तबकडी गेली, तिची जागा पेनड्राइव्हने घेतली, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष कृती. साध्या दुकानासाठी 'लिनक्स मिंट' मला सर्वांत सोयीची वाटते. तिची फाइल सुमारे ३ गिगाबाइटची असते. रोज दीड गिगाबाइट देणाऱ्या मोबाइल योजनेत दोन दिवसांचा सारा वाटा त्यात जाईल. त्यापेक्षा पुण्या-मुंबईस शिकणारा मुलगा किंवा भाचा पर्युषणाला, दिवाळीला घरी येतो, त्याच्याकडून ती आणवावी. जवळ कोणीच नसेल आणि मंद जोडणीवरच उतरवायची वेळ आली, तर टॉरेंटचा मार्ग घ्यावा. चोरट्या चित्रपटांमुळे हे नाव बदनाम झाले असले तरी मिंट, डेबियन आणि लिबरऑफिस यांचे निर्माते स्वतःच टॉरेंट देतात. त्यात फाइल तुकड्यातुकड्याने येते. वीज गेली तरी आलेले तुकडे वाया जात नाहीत.

फाइल आली की लगेच वापरू नये. ट्रकमधून माल उतरवून घेताना आपण बिल्टीशी नग ताडून पाहतो, तसेच येथेही करावयाचे. निर्माते प्रत्येक फाइलसोबत ६४ अक्षर-अंकांची एक खूण प्रसिद्ध करतात. तिला 'एसएचए-२५६' म्हणतात. आपल्या फाइलवरून संगणकाकडून तीच खूण काढून घ्यावी. एक अक्षर जरी निराळे आले तरी फाइल वाटेत बिघडली किंवा बदलली गेली आहे, असे समजून ती टाकून द्यावी. हातोहात फिरलेल्या पेनड्राइव्हच्या बाबतीत ही तपासणी कधीही गाळू नये. मात्र मूळ खूण निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, त्याच पेनड्राइव्हवरून नव्हे. तेवढ्या कामाला दोन दांड्या पुरतात.

फाइल पेनड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवल्याने संगणक त्यावरून सुरू होत नाही, आणि बहुतेकांचे घोडे येथेच अडते. 'रूफस' या छोट्या, मुक्त साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. पेनड्राइव्ह ८ गिगाबाइटचा असावा व त्यावर दुसरे काही नसावे, कारण ते पुसले जाते. मग त्यावरून संगणक सुरू केला की काहीही न बसविता मिंट चालवून पाहता येते. बिलाचा प्रिंटर ओळखला जातो का, पडदा नीट दिसतो का, हे तेव्हाच पाहावे. समाधान झाल्यावर, जुन्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून, मगच बसवावे. बसविताना इंटरनेट लागत नाही. पत्रे आणि तक्ते करण्यासाठी लिबरऑफिस त्यातच येते.

ज्यांना विंडोज सोडावयाचे नाही, त्यांनी निदान लिबरऑफिस घ्यावे. पूर्ण फाइल काही शे मेगाबाइटची असते. एक-दोन मेगाबाइटचा 'इन्स्टॉलर' कोणी हाती दिला तर सावध राहावे. तो बसू लागला की उरलेला सारा माल इंटरनेटवरूनच ओढतो.

पुढच्या सुधारणांचे काय? डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या प्रणालींसाठी 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचे साधन आहे. आपला संगणक काय काय हवे याची यादी एका फाइलीत लिहून देतो. ती यादी जोडणी असलेल्या संगणकावर न्यावी, तेथून माल भरून आणावा आणि आपल्या संगणकाला द्यावा. वाण्याकडे यादी पाठवून किराणा मागवावा, तसेच हे आहे.

एक इशारा मात्र देणे आवश्यक आहे. टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे. ज्या संगणकावर तुमचा जमाखर्च चालतो, त्याला या प्रयोगात हात लावू नये. तो परवानाधारक विंडोजवरच ठेवावा आणि शक्य तर नवाच घ्यावा. मुलांच्या अभ्यासाचा, पत्रव्यवहाराचा किंवा वखारीतल्या मालाच्या नोंदीचा जुना संगणक आधी घ्यावा. त्याने प्रिंटर ओळखला नाही तर काय करावे, ते पुढील अंकी पाहू.