जनगणनेचे दोन ठिपके आणि मधली रेष

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या विहारात एक छोटेसे प्रदर्शन भरले होते. विहाराच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या, संगणकाचा डिप्लोमा करणाऱ्या एका मुलाने त्यात महाराष्ट्रातील बौद्धांच्या लोकसंख्येचा आलेख मांडला होता. आकडे जनगणनेचेच होते. १९५१ साली २,४८७. १९६१ साली २७,८९,५०१. मग १९७१ साली ३२,६४,२२३ आणि असे करीत २०११ साली ६५,३१,२००. निळी रेष डावीकडून उजवीकडे डौलात चढत गेली होती. येणारे-जाणारे कौतुक करीत होते, आम्हीही केले.

तेवढ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लेकीकडे आलेल्या एक आजी आलेखापुढे थांबल्या. १९५६ साली त्या दहा वर्षांच्या होत्या आणि आईबापाबरोबर दीक्षाभूमीवर आल्या होत्या. अक्षरे फारशी येत नाहीत, पण चित्र कळते. १९५१ आणि १९६१ यांच्यामधल्या चढणीवर बोट ठेवून त्यांनी मुलाला विचारले, "बाबू, हे असं हळूहळू कुठं झालं? आम्ही तर एका दिवसात बौद्ध झालो ना."

मुलगा गप्प झाला. खरे सांगायचे तर कायद्याची पदवी घेतलेले आम्हीही गप्प झालो.

त्या रात्री आम्ही त्या मुलाजवळ बसून त्याने नेमके काय केले ते समजून घेतले. पायथॉन नावाच्या संगणकीय भाषेत आलेख काढण्यासाठी मॅटप्लॉटलिब नावाचा संच मिळतो. त्याला दोन याद्या द्यायच्या, एक वर्षांची, दुसरी आकड्यांची, आणि 'प्लॉट' अशी आज्ञा द्यायची. संगणक पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत सरळ रेषा ओढत जातो. मधल्या काळात काय घडले असे तो विचारीत नाही. यादीचा क्रम बरोबर आहे की नाही हेसुद्धा तो पाहत नाही. या मुलाने पहिल्या खेपेस वर्षे उलटसुलट टाकली होती, तेव्हा आलेखाचे फाटके जाळे झाले होते. ती चूक लगेच डोळ्यांत भरली, म्हणून दुरुस्तही झाली. १९५१ ते १९६१ मधली चूक देखणी होती, म्हणून ती भिंतीवर लागली.

ती रेष काय सांगते याचा हिशेब करून पाहा. दोन्ही जनगणनांची संदर्भतारीख १ मार्च. मधले दिवस ३,६५३. वाढ २७,८७,०१४. म्हणजे रेषेच्या म्हणण्याप्रमाणे महाराष्ट्रात दहा वर्षे रोज, रविवार-सणवार न पाहता, सुमारे ७६३ माणसे बौद्ध होत राहिली! त्याच रेषेवर १ मार्च १९५४ रोजी महाराष्ट्रात आठ लाख अडतीस हजारांवर बौद्ध भरतात. कुठे होते हे आठ लाख लोक? बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली होती, पण दीक्षा अजून घेतली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना दिली. १६ ऑक्टोबरला चांद्यात पुन्हा दीक्षा समारंभ झाला. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेसमोर शोकाकुल जनसमुदायाने दीक्षा घेतली. त्यानंतर गावोगाव कार्यक्रम झाले. जगाच्या इतिहासात ज्याला तोड नाही असे धर्मांतर त्या निळ्या रेषेने एका संथ टेकडीत बदलून टाकले, आणि तेही आमच्याच विहारात, आमच्याच हाताने.

मुलगा हुशार आहे. त्याने लगेच 'स्टेप' ही आज्ञा लावून पाहिली. तिने तिरप्या रेषेऐवजी पायरी काढली. पण पायरी आली ती जनगणनेच्याच वर्षावर, कारण आकडे तिथेच नोंदले गेले आहेत. मग १९५६ ला हलवू का, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, नको. १४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी महाराष्ट्रात नेमके किती बौद्ध होते याची जनगणना कुणी केलेली नाही. आपल्या अभिमानासाठीसुद्धा न मोजलेला बिंदू मांडायचा नाही. शेवटी रेषच काढून टाकली. 'स्कॅटर' ही आज्ञा दिली की नुसते ठिपके राहतात. १९५६ वर एक उभी खूण केली आणि खाली तारीख लिहिली. आणखी एक टीप द्यावी लागली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, तेव्हा १९५१ चा आकडाही नंतरच्या हद्दीप्रमाणे जुळवलेला आहे.

कुणी म्हणेल, एका रेषेसाठी वकीलसाहेबांनी एवढा कागद का काळा करावा? तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी बैठकीत आम्ही कार्यकर्ते म्हणून हजर होतो. एका अधिकाऱ्याने पडद्यावर महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या लोकसंख्येचा आलेख दाखवला. १९८१ साली ४४,७९,७६३ आणि १९९१ साली ८७,५७,८४२. दोन बिंदूंमध्ये भिंतीवर लावलेल्या शिडीसारखी रेष. साहेब हसून म्हणाले, "दहा वर्षांत दुप्पट! आता बोगस दाखले किती, हे तुम्हीच ओळखा." सभेत हशा पिकला. ज्यांना राखीव जागा डोळ्यांत खुपतात त्यांना असा आलेख पर्वणीच असतो.

आम्ही उठून फक्त तारखा सांगितल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानले जात नव्हते. पंजाबातील चार शीख जातींचा तेवढा अपवाद होता, आणि १९५६ च्या दुरुस्तीने सर्व शिखांचा समावेश झाला. बौद्ध बाहेरच राहिले. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत ते नव्हते, म्हणून १९६१, १९७१ आणि १९८१ या तिन्ही जनगणनांत लाखो बौद्ध अनुसूचित जातींच्या रकान्यात मोजलेच गेले नाहीत. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा करून त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द घातला. पुढच्याच वर्षी जनगणना झाली. माणसे होती तीच होती, रकाना उघडला. त्याआधीच्या दशकातही अशीच एक लहान उडी आहे. १९७६ च्या दुरुस्तीने एकाच राज्यात भागाभागाला वेगळ्या असलेल्या याद्यांची बंधने काढली, त्याचा परिणाम १९८१ च्या आकड्यात मिसळलेला आहे. संगणकाला हे कायदे माहीत नाहीत हे समजू शकते. अधिकाऱ्याला माहीत नसावेत?

साहेबांनी पुढची पाटी लावली.

कोर्टात आमचे रोजचे काम याच प्रकारचे असते. साक्षीदाराने सांगितले की आरोपीला सकाळी आठला वर्धा स्टेशनवर पाहिले आणि संध्याकाळी सहाला सीताबर्डीत पाहिले, तर या दोन गोष्टी शाबीत झाल्या असे म्हणता येईल. तो कोणत्या गाडीने आला, मध्ये कुणाला भेटला, हे त्यातून शाबीत होत नाही. आलेखातली रेष म्हणजे ही मधली गाडी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकातून निघालेल्या नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या पुराव्याच्या कायद्यात ते कलम ६५-ब होते. पण ते प्रमाणपत्र कागद कोणत्या यंत्रातून, कसा निघाला एवढेच सांगते. त्यावरची रेष खरी आहे असे ते कुठेही सांगत नाही. हा फरक आमचे कित्येक वकीलबंधूही विसरतात.

आता थोडे आपल्याच घरातले. टक्केवारीचा आलेख काढला की आपलेच वक्ते हळहळतात. १९६१ साली राज्यात बौद्ध ७.०५ टक्के होते, १९७१ ला ६.४८, १९८१ ला ६.२९, १९९१ ला ६.३९, २००१ ला ६.०३ आणि २०११ ला ५.८१. रेष उतरते, म्हणून "बौद्ध कमी होत आहेत" असे भाषण ठोकून दिले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक दशकात संख्या वाढलेली आहे. टक्का खाली येण्यामागे लहान कुटुंब, बाहेरून राज्यात येणारी माणसे, मोजणीदाराने न विचारताच 'हिंदू' लिहिणे, दाखल्याच्या भीतीने आपणच तसे सांगणे, अशी किती तरी कारणे असू शकतात. त्यांतले कोणते किती, हे रेष सांगत नाही. टक्का वर गेला तो एकाच दशकात, १९८१ ते १९९१ मध्ये. १९९० च्या कायद्याने भीती कमी झाली हे त्याचे कारण असावे असे आम्हाला वाटते. पण हा आमचा तर्क आहे, तो आलेखावर लिहायचा नाही.

या टक्क्यांवर मुलाने एक्सेलमधली रेष गुळगुळीत करण्याची सोयही वापरून पाहिली. ती वळणदार रेष १९६१ च्या ठिपक्यावर थांबलीच नाही. ती ७.०५ च्याही वर चढली आणि मग खाली उतरली! ज्या वर्षी कुणी मोजले नाही त्या वर्षी तिने जनगणनेहून जास्त बौद्ध दाखवले. आपल्या कार्यकर्त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अशा रेषा पत्रकांवर फार शोभून दिसतात.

आणि जिथे बिंदूच नाही तिथे? आसामात १९८१ ला आणि जम्मू-काश्मिरात १९९१ ला जनगणना झाली नाही. तिथले पुढचे-मागचे ठिपके सरळ जोडून टाकले की ती पोकळी कुणाला दिसतही नाही. देशभराची २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. १ मार्च २०२७ ही नवी संदर्भतारीख ठरली आहे आणि या खेपेस जातही विचारली जाणार आहे. तोवर २०११ च्या पुढे जी रेष कुणी दाखवील ती अंदाजाची आहे, हे त्याच्याकडून तिथल्या तिथे वदवून घ्यावे.

मॅटप्लॉटलिबमध्ये रिकाम्या जागी 'नॅन' अशी खूण टाकली तर रेष तिथे तुटते. तो रकानाच पुसला तर ती आनंदाने जोडली जाते. त्या मुलाने आता आपल्या यादीत २०२१ पुढे 'नॅन' लिहिले आहे. प्रदर्शनातला जुना आलेख उतरवून ठिपक्यांचा नवा लावला, तेव्हा आजी परत गावाला गेल्या होत्या. लेकीच्या मोबाईलवर त्याचा फोटो पाठवला आहे.